जांभळा दोरा

नीळमावशीचं खरं नाव काय, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. पांढऱ्या कपड्यांना नीळ देऊन देऊन तिची बोटं नखांच्या मुळापर्यंत निळसर झाली होती, तेवढी ओळख पुरेशी होती. बाई अंगाने किरकोळ, जिभेने तिखट आणि नजरेने त्याहून तिखट. तिच्या नजरेतून डाग सुटत नसे आणि माणसंही सुटत नसत. दूधवाला फाटकाशी रोज जरा जास्त का रेंगाळतो, कोठी सांभाळणाऱ्या ताई हल्ली किल्ल्या कमरेऐवजी गळ्यात का घालतात, असल्या गोष्टींचा तिला आपोआप वास यायचा. ‘माणूस काय आणि कपडा काय,’ ती म्हणायची, ‘वरून बघू नये, उलटा करून बघावा.’

घर म्हणजे व्रताचं घर. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत मुलींची शाळा, छोटासा दवाखाना आणि मागच्या अंगाला धुण्याची मोठी खोली. जन्मभर लग्न करायचं नाही, पुरुषाचा विचारही मनाला शिवू द्यायचा नाही, असं व्रत घेतलेल्या चाळीसेक बायका तिथे राहत. सगळ्यांना ताई म्हणायचं. सगळ्यांचे पायघोळ पांढरे झगे एकाच मापाच्या कापडातून कापलेले, त्यामुळे जाड्या ताया आवळलेल्या आणि बारक्या ताया हरवलेल्या दिसायच्या. या सगळ्यांवर मोठ्या ताई. वयाने मोठ्या, हुद्द्याने मोठ्या आणि गप्प बसण्यात तर फारच मोठ्या.

हे घर कसं उभं राहिलं, याची पोथी जेवणाच्या खोलीत रोज वाचली जायची. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी मान खाली घालून गिळायचं. पहिली व्रतस्थ बाई इतकी निर्मळ होती की तिने लावलेला दिवा तेलाशिवाय जळायचा. एका सरदाराने तिचा हात धरला तर त्याचाच हात वाळून गेला. अशा पुष्कळ गोष्टी होत्या आणि त्यांत एक गोष्ट ठरलेली असायची. वाईट नजरेचा पुरुष शेवटी पश्चात्ताप करून साधू व्हायचा आणि चांगली बाई शेवटी मरायची. मावशी दाराबाहेर ताटं पुसायची फडकी घेऊन उभी असायची. तिला हा न्याय कधी पटला नाही.

भिंतीबाहेरची म्हातारी माणसं वेगळंच सांगत. पूर्वी बड्या घरांत मुली फार झाल्या. लग्नं लावावीत तर जमिनीचे तुकडे जावयांच्या घशात जाणार. मग त्या घरांनी मिळून ही भिंत बांधली आणि मुलींना व्रत दिलं. जमीन वाटावी लागू नये म्हणून मुली वाटून टाकल्या, एवढाच मामला. आता यातलं खरं काय, देव जाणे. भिंत मात्र खरी होती आणि तिच्यावर रोवलेल्या काचाही खऱ्या होत्या.

आतले नियम साधे होते. कुठल्याही खोलीला आतून कडी नाही. अगदी न्हाणीघरालाही नाही. आणि दोघींनी एकांतात बोलायचं नाही, कायम तिसरी हवी. हा तिसरीचा नियम काढणारी बाई कोण होती माहीत नाही, पण तिला माणसं कळत होती. दोघींचं गूळपीठ जमू शकतं. तिघी असल्या की प्रत्येकीला उरलेल्या दोघींची भीती वाटते, आणि मग पहारेकरी ठेवावा लागत नाही.

तरीही एक पहारेकरीण होतीच. ती म्हणजे नीळमावशी.

धुण्याच्या खोलीत कोपऱ्यात झाकणाची एक बादली असायची. प्रत्येक ताईच्या कपड्यांच्या कोपऱ्याला ओळखीसाठी एका रंगाचा दोरा शिवलेला असे, आणि पाळीच्या फडक्यांनाही तोच दोरा. फडकी त्या बादलीत टाकायची, मावशीने मिठाच्या थंड पाण्यात भिजवायची, धुवायची, वाळवायची. इथपर्यंत ठीक. पण महिनाअखेर मावशीने मोठ्या ताईंच्या खोलीत जायचं, आणि कुठल्या रंगाची फडकी आली नाहीत ते सांगायचं. मोठ्या ताई याला तब्येतीची काळजी म्हणत. पन्नाशी उलटलेल्यांची काळजी करायचं कारण नव्हतं, त्यांचे दोरे यादीतून आपोआप गळत. काळजी तेवढी तरण्या दोऱ्यांची होती.

हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. म्हणूनच ताया मावशीशी फार गोड बोलायच्या. दवाखान्यातून तिला गुडघ्याचं तेल न मागता मिळायचं. मावशीलाही त्या गोडव्याचा अर्थ कळत होता, पण तेल ती घेत होती.

काही वर्षांपूर्वी पिवळ्या दोऱ्याची फडकी लागोपाठ दोन महिने आली नव्हती. मावशीने इमानाने सांगितलं. पुढच्या आठवड्यात पिवळी ताई जेवायला दिसली नाही, आणि शेजारच्या दोघींनी आपले पाट सरकवून तिची जागा बुजवून टाकली. ती कुठे गेली, तिचं काय झालं होतं, का नुसती अशक्त झाली होती, कुणी विचारलं नाही. मावशीने तिच्या चादरींचा पिवळा दोरा उसवला आणि त्या जागी नव्या मुलीचा करडा दोरा शिवला. काम ते काम. आपल्या हातून वाईट झालं असं तिला तेव्हा वाटलं नाही. वाटून घेणं परवडणारंही नव्हतं.

परवडणारं नव्हतं, कारण तिची स्वतःची लेक त्याच घरात होती.

नवरा गेल्यावर दिरांनी मावशीला दाराबाहेर काढलं, तेव्हा कडेवरच्या पोरीसह तिला या घराने कामावर ठेवलं. पोरगी इथल्याच शाळेत शिकली, ताटात कधी कमी पडलं नाही, आणि मोठी झाल्यावर मोठ्या ताई म्हणाल्या, ‘व्रत घेऊ दे तिला.’ पोरीनेही मान डोलावली. तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं तर ती दुसरं काय मागणार. मावशीला तेव्हा हायसं वाटलं. डोक्यावर छप्पर, अंगावर स्वच्छ कपडे आणि दिरांसारखा कुणी वाट्याला यायची भीती नाही. फक्त एक अट होती. व्रत घेतलेल्या बाईला आई नसते. त्या दिवसापासून लेक तिला सगळ्यांसारखीच ‘मावशी, तुम्ही’ म्हणायला लागली. मावशीने तिचा दोरा मात्र स्वतः निवडला, जांभळा. तेवढं तिच्या हातात होतं.

लेक दवाखान्यात पट्ट्या बांधायची, औषधं द्यायची. चेहऱ्याने बापावर गेलेली, हसली की गालाला खळी पडायची. त्या घरात खळी पडावी असं फारसं काही घडत नसे, त्यामुळे ती क्वचितच दिसे.

त्या वर्षी शाळेचे बाक दुरुस्त करायला एक सुतार आला. दोन पोरांचा बाप, कानामागे पेन्सिल खोचलेला, बडबड्या माणूस. तो कामाला लागला आणि पंधरवड्यात कोठीवाल्या ताई धुण्याच्या खोलीत टॉवेल मोजायच्या निमित्ताने येऊन बसल्या.

‘तुमची जांभळी हल्ली हसते बरं का, मावशी.’

‘हसू दे की. दात आहेत तर हसेल.’

‘सुतारापाशी उभी राहून हसते. तिसरी कुणी नसताना.’

मावशीने टॉवेल पिळला, जरा जास्तच पिळला. ‘माणूस मोजमाप विचारत असेल दवाखान्याच्या फळ्यांचं.’

‘असेल, असेल,’ कोठीवाल्या म्हणाल्या. त्यांचं ‘असेल’ म्हणजे सरळ ‘नाही’ असायचं.

त्या महिन्यात जांभळी फडकी आली नाहीत.

मावशीने बादली रिकामी केली, पुन्हा पाहिलं, चादरींच्या गाठोड्यात चुकून गेलीत का ते पाहिलं. नव्हती. महिनाअखेर ती मोठ्या ताईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘सगळ्यांची आली.’ इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि आवाज जराही हलला नाही. जमतं की आपल्याला, असं वाटून तिलाच धसका बसला.

मग तिने लेकीवर पाळत ठेवली. दुसऱ्याची लेक असती तर तिने याला काम म्हटलं असतं. लेक जेवणात काय टाकते, सकाळी तोंड धुताना ओकारी येते का, चालताना कमरेवर हात जातो का. लेक वाळली होती, डोळ्याला डोळा देत नव्हती आणि मावशीसमोर आली की बोळातून मागे वळायची. संशय एकदा मनात शिरला की त्याला खायला कमी पडत नाही. हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय. सुतार फाटकाबाहेर कुणाला तरी सांगत होता, ‘आता थोडंच काम राहिलंय,’ तर मावशीला त्यातही काही तरी ऐकू आलं.

एकदा लेक दवाखान्यातल्या चादरी घेऊन आली, आणि बरोबरची तिसरी ताई साबणाच्या वाफेने खोकत बाहेर गेली. त्या दोघीच उरल्या. वर्षात न मिळणारी संधी. मावशीच्या ओठावर प्रश्न आला. पण विचारलं आणि हो म्हणाली तर? ऐकलेली गोष्ट मग ऐकली नाही असं करता येत नाही.

‘जेवण जातं ना नीट?’ तिने विचारलं.

‘जातं, मावशी,’ लेक म्हणाली. ती थोडी थांबली, काहीतरी सांगेल असं वाटलं. तेवढ्यात तिसरी डोळे पुसत परत आली.

दुसऱ्या महिन्यातही जांभळं आलं नाही आणि दुसऱ्या महिन्यातही मावशीने ‘सगळ्यांची आली’ म्हणून सांगितलं. तिसऱ्या महिन्यात कोठीवाल्यांनी सहज म्हणून बातमी दिली की या वेळी मोठ्या ताई बादली स्वतः बघणार आहेत. मावशीला पिवळीची बुजवलेली जागा आठवली. आपली लेक रस्त्यावर, पोटात सुताराचं पोर, आणि सुतार आपल्या बायकापोरांत, असं सगळं चित्र तिने एका दुपारात रंगवून टाकलं. चोवीस तास बायकांचे डाग बघणारी बाई ती, तिला उपायही डागाचाच सुचला.

ती बाजारात गेली, कसायाकडून कलेजी आणली. फाटकावर विचारलं तेव्हा धुण्याच्या खोलीत उंदीर झालेत, मांजरीला सवय लावायचीय, म्हणून सांगितलं. बीट किंवा रंगाच्या भानगडीत ती पडली नाही, असले डाग पाण्यात पडले की लगेच चुगली करतात. तिने जुनी मऊ फडकी घेतली, जांभळा दोरा शिवला, आणि बाकीचं केलं. काम इतकं बेमालूम झालं की तिला थोडा अभिमानही वाटला. कलेजी खरोखरच मांजरीला मिळाली.

मोठ्या ताई आल्या, काठीने बादलीतलं एकेक वर उचलून दोरे पाहिले. जांभळ्यापाशी काठी थांबली. ‘ठीक,’ त्या म्हणाल्या आणि गेल्या. मावशी त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मोठ्या ताईंच्या खोलीत लेक उभी होती. कोठीवाल्या कोपऱ्यात विणकाम घेऊन बसल्या होत्या. तिसरी हवी ना, म्हणून.

‘मावशी, या महिन्यात जांभळं आलं?’

‘आलं की. तुम्हीच पाहिलंत.’

‘मागच्या महिन्यात?’

‘आलं होतं.’

‘त्याच्या मागच्या?’

‘ताई, मी कधी खोटं सांगितलंय का?’

लेकीने चटकन मान वर केली आणि मावशीकडे अशी बघत राहिली की मावशीला आपण काय बोललो ते पुन्हा आठवावं लागलं.

‘ही तीन महिने तुमच्या बादलीत काही टाकतच नाही,’ मोठ्या ताई म्हणाल्या. ‘आपलं आपण धुते. दवाखान्यामागच्या न्हाणीत. मला विचारून.’

आता झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी लेक मोठ्या ताईंकडे गेली होती. माझी पाळी माझ्या आईने मोजायची आणि तुम्हाला येऊन सांगायची, हे मला सहन होत नाही, ती म्हणाली होती. तिलाही खाली मान घालावी लागते आणि मलाही. मोठ्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. धुऊन वाळवून मला दाखवत जा, म्हणाल्या, आणि कुणाला सांगू नकोस, नाहीतर उद्या सगळ्याच मागतील. मावशीला मी सांगेन. त्या न्हाणीला आतून कडी नव्हती, म्हणून लेकीने सुताराला एक कडी ठोकून दे म्हटलं. तो म्हणाला, ‘या घरात सगळ्या कड्या बाहेरून ठोकल्या, आता आतून ठोकायची तर हात उलटा चालवावा लागेल.’ त्यावर ती हसली होती. एवढंच हसणं होतं ते. पोरीच्या अंगाला ना कुणाचा हात लागला होता ना तिच्या मनाला. साप साप म्हणून मावशी इतके दिवस भुई धोपटत होती.

‘तुम्ही मावशीला सांगितलं नाहीत?’ लेकीने विचारलं.

‘नाही,’ मोठ्या ताई म्हणाल्या. ‘मला बघायचं होतं. आई आहे, काय सांगते ते.’

खोलीत विणकामाच्या सुयांचा आवाज तेवढा होता.

‘बादलीतलं कशाचं होतं, मावशी?’

‘कलेजीचं,’ मावशी म्हणाली. सुयांचा आवाजही थांबला.

मोठ्या ताईंना राग आलेला दिसत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, रागावलेलं माणूस चुकतं तरी. त्या विचार करून बोलल्या. ‘म्हणजे या घरात फडकी तयार करता येतात. मग तुम्ही आजवर सांगितलेलं खरं कशावरून? आणि हिने मला तीन महिने दाखवलेली तरी खरी कशावरून? करायला शिकवणारी घरातच आहे.’

‘तिला यातलं काही ठाऊक नाही,’ मावशी म्हणाली. ‘माझं एकटीचं आहे हे. तिचं काही नाही, ताई, मी शपथ घेते.’

‘तिचं काही नव्हतं तर तुम्ही लपवत काय होता? आईनेच झाकायची धडपड केली, म्हणजे आईला काही तरी दिसलं असणार. आईपेक्षा आम्हाला जास्त कसं कळेल?’ त्या लेकीकडे वळल्या. ‘उद्या सुईण येईल. तपासून घे. नसेल काही तर नसेल.’

‘मी तपासून घेणार नाही.’

‘नाही म्हटलं की त्याचा काय अर्थ होतो, ठाऊक आहे ना?’

‘इथे कशाचाही तोच अर्थ होतो,’ लेक म्हणाली.

मग ती मावशीकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘तू’ आलं. ‘तुला वाटलं ना, मी तसलं काही केलं?’

मावशीला नाही म्हणायचं होतं. पण खोटं बोलायचा सगळा साठा तिने बादलीपायी संपवला होता.

‘वाटलं तर वाटलं. पण मला विचारलं नाहीस तू. कसायाकडे गेलीस, माझ्याकडे नाही आलीस.’

मावशीचे डोळे भरून आले. तिने आयुष्यात कुणासाठी एवढी जोखीम घेतली नव्हती, आणि त्याच जोखमीने लेकीच्या गळ्यात फास पडला होता. कुणाला दोष देणार? मोठ्या ताईंना द्यावा तर त्यांनी फक्त गप्प राहायचं काम केलं होतं. उरलेलं सगळं मावशीने स्वतःच्या हाताने शिवलं होतं, टाक्यावर टाका.

‘तपासणी नको असेल तर फाटक उघडं आहे,’ मोठ्या ताई म्हणाल्या. ‘दोघींनाही.’

दुपारपर्यंत आवरलं. आवरायचं होतं तरी काय. लेकीने झगा घडी घालून खाटेवर ठेवला आणि मावशीचे जुने कपडे घातले, ती इतकी वाळली होती की तेही तिला ढगळ होत होते. जेवणाच्या खोलीत पोथी वाचली जात होती. ज्या ताया मावशीला न मागता तेल द्यायच्या, त्यांतल्या एकीनेही खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. त्यांचंही बरोबर होतं, पाहिलं असतं तर कुणीतरी त्यांना पाहिलं असतं. कोठीवाल्यांनी फाटकाची कडी काढली आणि ‘जपून जा हं’ म्हणाल्या, अगदी मनापासून म्हणाल्यासारखं.

भिंत संपते तिथे बसचा थांबा होता, एक सिमेंटचा बाक आणि वर पत्रा. दोघी शेजारी बसल्या. बस केव्हा येईल, कुठे जाणारी येईल, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

‘आता इथे तिसरी कुणी नाही,’ लेक शेवटी म्हणाली. ‘विचार काय विचारायचं ते.’

‘मला काही विचारायचं नाही, बाळा.’

‘नाही, विचार. मी रागावणार नाही. मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुला आता काय वाटतं?’

‘काय वाटायचंय? माझी पोर आहेस तू,’ मावशी म्हणाली. ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर. सगळं जग काही म्हणू दे.’ हे ती मनापासून बोलत होती. कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून तिने हे सांगितलं असतं.

पण बोलता बोलता तिची नजर खाली उतरली. तिला कळलंही नाही. नजर लेकीच्या ढगळ कपड्यांवरून सरकली आणि पोटाशी येऊन थांबली, थोडी जास्तच वेळ. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मान वर केली.

लेक तिच्याकडेच बघत होती. तिने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.